विश्लेषण : टेस्ला मॉडेल वाय की बीएमडब्ल्यू आयएक्स१? अलिबागच्या वाटेवर कोणती ‘ईव्ही’ जास्त शहाणपणाची?

मुंबईत घर आणि अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनकडे वीकेंडचे घर, असा एक मोठा वर्ग गेल्या काही वर्षांत रायगडच्या किनाऱ्यावर तयार झाला आहे. या वर्गातील अनेकांची पुढची गाडी इलेक्ट्रिक असण्याची शक्यता २०२५ मध्ये वाढली. त्या वर्षी आयएक्स१ची लांब आवृत्ती ५० लाखांच्या आत आली, जुलैमध्ये टेस्लाने मुंबईत पहिले दालन उघडले आणि ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी लागू झाली. त्यामुळे ‘या दोनपैकी कोणती घ्यावी?’ हा प्रश्न आता फक्त गाड्यांच्या शौकिनांपुरता राहिलेला नाही. मात्र माहितीपत्रकातील आकडे शेजारी शेजारी ठेवून त्याचे उत्तर मिळत नाही. ते आकडे नेमके काय सांगतात, काय लपवतात आणि या खरेदीत सरकारी तिजोरीचा वाटा किती, हे समजून घेऊ.

दोन्ही गाड्यांची किंमत किती? फरक कशामुळे?

बीएमडब्ल्यूने आयएक्स१ची लांब व्हीलबेसची आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात सादर केली. तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ४९ लाख रुपये होती. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात मॉडेल वाय सादर केली. तिच्या साध्या आवृत्तीची किंमत ५९ लाख ८९ हजार आणि लाँग रेंज आवृत्तीची ६७ लाख ८९ हजार रुपये जाहीर झाली. म्हणजे या जाहीर किमतींनुसार साधी टेस्ला आयएक्स१पेक्षा जवळपास ११ लाखांनी, तर लाँग रेंज जवळपास १९ लाखांनी महाग पडते.

हा फरक दर्जाचा असल्याचा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग आयात शुल्काचा आहे. आयएक्स१ची जोडणी चेन्नईच्या प्रकल्पात होते. हा प्रकल्प २००७ पासून सुरू आहे. मॉडेल वाय मात्र चीनमधील शांघायच्या कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते आणि तिच्यावर सुमारे ७० टक्के शुल्क लागते. अमेरिकेत हीच गाडी ४५ हजार डॉलरच्या आसपास मिळत होती. त्यामुळे टेस्लासाठी मोजलेल्या ६० लाखांतील बरीच रक्कम गाडीत नव्हे, सीमाशुल्कात जाते.

या गोष्टीचा संबंध पुढे गाडी विकण्याशीही आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये एक योजना जाहीर केली. भारतात किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवणाऱ्या कंपनीला ठरावीक संख्येच्या इलेक्ट्रिक गाड्या १५ टक्के शुल्कावर आणण्याची मुभा त्यात आहे. टेस्लाने तो मार्ग घेतला नाही. उद्या कंपनीचे धोरण बदलले किंवा आयात शुल्कच कमी झाले, तर नव्या गाडीची किंमत खाली येईल आणि आज घेतलेल्या गाडीची जुन्या बाजारातील किंमतही तितकीच घसरेल. दोन-तीन वर्षांत गाडी बदलण्याची सवय असलेल्या ग्राहकाने हा धोका हिशेबात धरायला हवा.

५३१ किलोमीटर मोठे की ५००?

आयएक्स१ची जाहीर रेंज ५३१ किलोमीटर आहे. साध्या मॉडेल वायची ५००, तर लाँग रेंजची ६२२. पहिल्या नजरेत आयएक्स१ साध्या टेस्लाच्या पुढे दिसते. पण हे आकडे एकाच फूटपट्टीने मोजलेले नाहीत.

बीएमडब्ल्यूचा आकडा ‘एमआयडीसी’ चाचणीचा आहे. इथे एमआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत नव्हे, तर ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’. ही भारतातील अधिकृत चाचणी आहे. तिच्यात गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वेगातील चढउतार सौम्य असतात. टेस्लाचा आकडा ‘डब्ल्यूएलटीपी’ या चाचणीचा आहे. ती युरोपात वापरली जाते, तिच्यात वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जातो आणि गाडी अधिक जोरात पळवली जाते. त्यामुळे एकच गाडी पहिल्या चाचणीत जास्त रेंज दाखवते आणि दुसऱ्या चाचणीत कमी.

याचा पुरावा बीएमडब्ल्यूच्याच आकड्यांत मिळतो. आयएक्स१ची जवळपास तेवढ्याच बॅटरीची आखूड आवृत्ती युरोपात विकली जाते. तिथे तिची डब्ल्यूएलटीपी रेंज जास्तीत जास्त ४७५ किलोमीटरच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे एकाच फूटपट्टीवर ठेवले तर आयएक्स१ साध्या टेस्लाच्या पुढे नाही, किंचित मागे आहे.

रस्त्यावर चित्र आणखी बदलते. एसी सुरू, गाडीत चार-पाच माणसे, डिकी भरलेली आणि वेग ताशी ९०-१०० असेल, तर एमआयडीसी आकड्याच्या ७० ते ७५ टक्के आणि डब्ल्यूएलटीपी आकड्याच्या ८० टक्के धरणे व्यवहार्य ठरते. हा ढोबळ अंदाज आहे, पण त्यातून दिसते ते महत्त्वाचे आहे. आयएक्स१ आणि साधी मॉडेल वाय या दोन्ही एका चार्जिंगमध्ये ४०० किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे जातील. रेंज हा या दोघींतील निवडीचा मुद्दा ठरत नाही.

मग किनाऱ्यावर जाऊन परत येता येते का?

हे कुठे जायचे आहे त्यावर अवलंबून आहे. दक्षिण मुंबईतून अटल सेतू, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड या वाटेने अलिबाग साधारण १०० किलोमीटर पडते. जाऊन-येऊन २०० आणि तिथले फिरणे ४०-५० धरले, तरी दोन्ही गाड्या वाटेत न थांबता परत येतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरले तर समुद्रातले अंतर बॅटरीतून जातच नाही. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते आणि मांडव्यापासून अलिबाग २० किलोमीटरच्या आसपास आहे.

मुरूडसाठी जाण्या-येण्याचे अंतर ३०० किलोमीटरपर्यंत जाते. तेही जमते, पण फिरायला फारसा वाव उरत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरसाठी मात्र एका चार्जवर परत येण्याचा हिशेब दोन्ही गाड्यांत जेमतेम बसतो. जेमतेम हिशेबावर कुटुंबाला घेऊन कोणी निघू नये. मुरूडहून पुढे जायचे तर आगरदांडा–दिघी फेरीने वळसा वाचतो, पण फेरीची वेळ आणि भरती-ओहोटी पाळावी लागते.

त्यामुळे ज्यांचे घर अलिबाग, किहीम, आवास, नागाव या पट्ट्यात आहे, त्यांनी केवळ रेंजच्या धास्तीने लाँग रेंज टेस्लासाठी ८ लाख जादा मोजण्याची गरज नाही. ज्यांचे घर किंवा गाव श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आहे, त्यांच्यासाठी ते ८ लाख अर्थपूर्ण ठरू शकतात. मात्र त्याआधी तिथे घरी चार्जिंगची सोय करता येते का, हे पाहायला हवे. ती सोय कितीतरी स्वस्तात होते.

जलद चार्जिंगच्या आकड्यांना किती महत्त्व द्यावे?

जलद म्हणजे डीसी चार्जरवर आयएक्स१ जास्तीत जास्त १३० किलोवॉटने चार्ज होते आणि १० ते ८० टक्के व्हायला २९ मिनिटे लागतात, असे कंपनी सांगते. टेस्लाची साधी आवृत्ती १७५ आणि लाँग रेंज २५० किलोवॉटपर्यंत जाते. दालनात हा फरक ठळकपणे सांगितला जातो.

पण गाडी किती वेगाने वीज घेऊ शकते याच्याइतकाच प्रश्न समोरचा चार्जर किती देऊ शकतो, हाही आहे. तळ्याचे तोंड कितीही मोठे असले तरी पाणी पाटाच्या रुंदीनेच येणार. महामार्गांवरच्या हॉटेलांबाहेर आणि पेट्रोल पंपांवर आजही ३० आणि ६० किलोवॉटचे चार्जर मोठ्या संख्येने आहेत. अशा ६० किलोवॉटच्या चार्जरवर आयएक्स१ला १० ते ८० टक्क्यांसाठी लागणारी साडेशेचाळीस युनिट वीज भरायला पाऊण ते एक तास लागेल आणि ३० किलोवॉटवर दीड तासाहून अधिक. टेस्लालाही जवळपास तेवढाच वेळ लागेल. तिची १७५ किलोवॉटची क्षमता तिथे वापरलीच जात नाही.

टेस्लाचे स्वतःचे ‘सुपरचार्जर’ २५० किलोवॉटपर्यंत जातात. भारतातील पहिले केंद्र ऑगस्ट २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाले आणि तिथे युनिटमागे २४ रुपये दर जाहीर झाला. पण किनाऱ्याकडे जाणारा माणूस घरून निघतो तेव्हा त्याची बॅटरी भरलेलीच असते. त्याला जलद चार्जर हवा असतो तो वाटेवर किंवा पलीकडे. दिलाशाची बाब म्हणजे भारतात या दोन्ही गाड्यांना ‘सीसीएस२’ हा एकच प्लग आहे. त्यामुळे इतर कंपन्यांच्या सार्वजनिक चार्जरवर दोघींनाही सारखीच मुभा आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते प्रत्यक्षात उतरेपर्यंत, निघण्याआधी ॲपवर चार्जर सुरू आहे का हे पाहणे आणि एक पर्यायी ठिकाण हाताशी ठेवणे, हाच मार्ग आहे.

बंगल्यावर कसला चार्जर लागतो?

दोन्ही गाड्या घरी एसी चार्जरवर ११ किलोवॉटपर्यंत वीज घेतात. पण त्यासाठी थ्री फेज जोडणी लागते. सिंगल फेजवर ७.४ किलोवॉटचा चार्जर बसतो आणि आयएक्स१ची ६६.४ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असल्यास भरायला नऊ-दहा तास घेतो. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, जिथे गीझर किंवा एसी लावला जातो, साधारण ३ किलोवॉट मिळतात. तिथे तीच बॅटरी भरायला २२ तासांहून अधिक लागतील.

हा आकडा ऐकून अनेक जण घाबरतात आणि दोन्ही घरी महागडे चार्जर बसवतात. पण वीकेंडच्या घरात बॅटरी शून्यावरून शंभरवर न्यायचीच नसते. मुंबईहून अलिबागला पोहोचेपर्यंत साधारण १७-१८ युनिट खर्च होतात. शुक्रवारी रात्री गाडी लावली की साध्या सॉकेटवरही सकाळपर्यंत ती वीज परत भरलेली असते. त्यामुळे मुख्य चार्जर मुंबईच्या सोसायटीत आणि अलिबागला एक नीट बसवलेले सॉकेट, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

‘नीट बसवलेले’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. अर्थिंग बरोबर नसेल तर इलेक्ट्रिक गाडी सुरक्षेसाठी चार्ज व्हायलाच नकार देते. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत वायरिंग जुने असते आणि खाऱ्या हवेने जोड गंजलेले असतात. गाडी बुक करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग, मीटरचा मंजूर भार आणि व्होल्टेजचे चढउतार तपासून घेणे, ही काही हजारांची गोष्ट आहे. ती नंतर तपासली तर ६० लाखांची गाडी अंगणात उभी आणि चार्ज होत नाही, अशी वेळ येऊ शकते.

दुसरा प्रश्न वीजपुरवठ्याचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. असे वादळ रोज येत नाही. पण पावसाळ्यात तास-दोन तासांपासून रात्रभरापर्यंत वीज जाणे किनाऱ्याला नवीन नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बॅटरी निम्म्याखाली जाऊ न देता निघणे आणि वादळाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच ती भरून ठेवणे, ही सवय लावून घ्यावी लागते.

खारी हवा आणि खड्डे यांचे काय?

मुंबई–गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून रुंदीकरणात अडकला. पावसाळ्यात त्यावरच्या खड्ड्यांची बातमी ठरलेली असते. अलिबागला जाणारे वडखळपर्यंत याच रस्त्याचा काही भाग वापरतात, श्रीवर्धनला जाणारे तर जास्तच.

अशा रस्त्यावर टायरची जाडी कामाला येते. आयएक्स१ला १८ इंची, तर मॉडेल वायला १९ इंची चाके आहेत. रिम लहान असले की रबराची भिंत जाड मिळते आणि खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता थोडी कमी होते. मॉडेल वायसोबत स्टेपनी येत नाही. आयएक्स१ घेतानाही स्टेपनी मिळते की फक्त पंक्चर किट, हे लेखी विचारून घ्यावे. रात्री नऊ वाजता कार्लेखिंडीत टायर फाटला तर किटचा उपयोग नसतो.

समुद्राच्या हवेचा परिणाम बॅटरीवर लगेच होत नाही, कारण ती बंदिस्त पेटीत असते. पण ब्रेकच्या डिस्कवर होतो. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटर उलटी वापरून वीज परत साठवते. त्यामुळे ब्रेक कमी घासले जातात आणि डिस्कवर गंज चढायला वेळ मिळतो. आठवडाभर नागावच्या वाडीत उभी राहिलेली गाडी शुक्रवारी बाहेर काढली की सुरुवातीला ब्रेक करकरतात ते यामुळे. गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुणे, चार्जिंगचे झाकण कोरडे ठेवणे आणि सर्व्हिसिंगच्या वेळी डिस्क तपासायला सांगणे, दोन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे.

फरक पडतो तो सर्व्हिस सेंटरच्या जाळ्यात. बीएमडब्ल्यूचे विक्रेते आणि कार्यशाळा मुंबई-पुण्यात अनेक वर्षे आहेत. टेस्ला नवी आहे. तिचे भारतातील पहिले दालन जुलै २०२५ मध्ये उघडले आणि दुसरे त्यानंतरच्या महिन्यात दिल्लीत. अपघातानंतर बंपर किंवा दिवा बदलायला किती दिवस लागतील, सुटे भाग कुठून येतील, अलिबागहून टोइंग मोफत आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारायला हवेत. बॅटरीची हमी मात्र जवळपास सारखी आहे. दोन्ही कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर सांगतात. लाँग रेंज टेस्लासाठी किलोमीटरची मर्यादा १ लाख ९२ हजार आहे.

आत बसणाऱ्यांसाठी कोणती बरी?

चालवणाऱ्यासाठी टेस्ला चपळ आहे. साधी आवृत्ती ५.९ सेकंदांत शंभरचा वेग गाठते, आयएक्स१ला ८.६ सेकंद लागतात. पेण-वडखळच्या रहदारीत मात्र हा फरक वापरायला जागा मिळत नाही. टेस्लाची डिकी मोठी आहे, शिवाय पुढे बॉनेटखालीही सामान बसते. वीकेंडच्या घरी पिशव्या, कुलर आणि कुत्रा घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे आहे.

आयएक्स१ची लांब आवृत्ती मागे बसणाऱ्यांसाठी केलेली आहे. मागची पाठ रेलता येते आणि पायांना ऐसपैस जागा मिळते. टेस्लातही मागची आसने विजेवर रेलतात. आजी-आजोबा सोबत असतील तर दोघांना दोन्ही गाड्यांत चढून-उतरून पाहायला लावावे. जमिनीखालच्या बॅटरीमुळे मागे बसताना गुडघे किती वर येतात, हे माहितीपत्रक सांगत नाही.

ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. टेस्लात आरशांपासून एसीच्या झोतापर्यंत बहुतेक सगळे १५.४ इंची पडद्यावर आहे आणि ॲपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो चालत नाही. मालक दोन दिवसांत शिकेल, पण बदलते ड्रायव्हर असतील तर अडचण होते. ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’साठी टेस्लाने ६ लाख रुपये वेगळे सांगितले आहेत. नाव काहीही असले तरी भारतात ही गाडी स्वतःहून चालत नाही. ते पैसे आज देण्याचे कारण दिसत नाही.

खर्चात बचत किती?

मुंबई–अलिबाग जाऊन-येऊन २०० किलोमीटरला सुमारे ३४ युनिट लागतात. चार्जिंगमधील गळती धरून ३८. घरच्या विजेचा दर युनिटला १२ रुपये धरला तर ४५० रुपयांच्या आसपास खर्च येतो. तेच अंतर लिटरला १२ किलोमीटर देणारी पेट्रोलची मोठी गाडी लिटरमागे १०४ रुपये धरून १,७०० रुपयांहून अधिक घेते. अटल सेतूचा दुतर्फा टोल ३७५ रुपये आहे, तो इलेक्ट्रिक गाडीला नाही. म्हणजे एका फेरीला १,६०० रुपयांच्या आसपास बचत होते. वर्षाला ४० फेऱ्या केल्या तर ती ६४ हजारांच्या घरात जाते.

पण ही बचत पेट्रोलच्या तुलनेत आहे. आयएक्स१ आणि मॉडेल वाय यांच्यात ती जवळपास सारखीच. त्यामुळे टेस्लासाठी दिलेले जादा ११ लाख विजेच्या बचतीतून कधीच वसूल होत नाहीत. ते गाडी आवडली म्हणून दिलेले पैसे आहेत, आणि तसेच समजून द्यावेत.

या खरेदीत सरकारचा वाटा किती?

खरी सवलत पेट्रोल पंपावर नाही, तर करात आहे. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, मग ती १० लाखांची असो की दीड कोटीची. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर तो ४० टक्के आहे. राज्यात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के मोटार वाहन कर बसतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे. ढोबळ हिशेबाने ४९ लाखांच्या गाडीवर हा कर सव्वासहा लाखांहून अधिक आणि ६० लाखांच्या गाडीवर पावणेआठ लाखांच्या आसपास झाला असता.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर प्रस्तावित केला होता. या दोन गाड्यांसाठी तो अनुक्रमे सुमारे २ लाख ९४ हजार आणि ३ लाख ५९ हजार झाला असता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेण्याची घोषणा केली. त्यातून फारसा महसूल मिळणार नाही आणि इलेक्ट्रिक वाहनांबाबत चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने १,९९३ कोटींच्या तरतुदीचे नवे ईव्ही धोरण मंजूर केले. ते मार्च २०३० पर्यंत आहे. अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवरील टोलमाफी त्याच धोरणाचा भाग आहे.

या सवलतीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. नवे तंत्रज्ञान आधी श्रीमंतांच्या हातात येते, त्यांच्यामुळे चार्जर उभे राहतात आणि मग ते स्वस्त होऊन इतरांपर्यंत पोहोचते. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये देशातील पहिली मॉडेल वाय ताब्यात घेतली, तेव्हा लोकांमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल जागरूकता यावी, हेच कारण त्यांनी सांगितले होते. पण त्याच खात्याच्या एसटी महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला होता आणि त्या वेळेवर न आल्याने २०२५ मध्ये तो रद्द करण्याच्या सूचना देण्याची वेळ आली. अलिबाग किंवा श्रीवर्धनच्या आगारातून डिझेलच्या एसटीने जाणारे प्रवासी या किनाऱ्यावरच्या आलिशान गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ६० लाखांच्या गाडीचा कर माफ करून हवा जेवढी स्वच्छ होते, त्यापेक्षा एक बस बदलून अधिक होते, कारण ती दिवसभर धावते.

मग ग्राहकाने काय करावे?

अलिबाग परिसरात घर, मागे ज्येष्ठ मंडळी आणि सर्व्हिसची खात्री हवी असेल, तर आयएक्स१ अधिक हिशेबाची आहे आणि ११ लाख वाचतात. स्वतः चालवायची आवड, मोठ्या डिकीची गरज आणि नव्या कंपनीसोबत वाट पाहण्याची तयारी असेल, तर साधी मॉडेल वाय. श्रीवर्धनपर्यंत नेहमीचे जाणे असेल आणि तिथे घरी चार्जिंग शक्यच नसेल, तरच लाँग रेंजचा विचार करावा.

दोन्हींपैकी कोणतीही बुक करण्याआधी तीन गोष्टी मात्र कराव्यात. मुंबईच्या सोसायटीकडून चार्जरची लेखी परवानगी घ्यावी. किनाऱ्यावरच्या घराचे अर्थिंग तपासावे. आणि टेस्ट ड्राइव्ह वांद्र्याच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता, पूर्ण कुटुंब बसवून, वडखळपर्यंत मागावी. करमाफी आणि टोलमाफी आज आहे, ती धोरणावर टिकून आहे. ३० लाखांवरच्या गाड्यांवरील कर एकदा आला आणि मागे गेला, तो पुन्हा येऊ शकतो. त्यामुळे आजच्या सवलती वगळूनही जी गाडी परवडते, तीच घेणे सुरक्षित.